शून्य पूर्णांक ब्याऐंशीचा नेम

दोष हाताचा की माऊसचा, एवढंच भावनाला ठरवायचं होतं. त्यापायी लॉगॅरिथमचं पुस्तक, पांढरा ऑइलपेंट, अख्खी कॉलनी आणि शेवटी रिद्धपूरचा देव कामाला लागणार आहे हे आधी कळलं असतं, तर तिने गुपचूप दोष हाताचा मानून घेतला असता आणि पंख्याखाली आडवी झाली असती. अमरावतीत एप्रिलच्या दुपारी शहाणी माणसं तेवढंच करतात.

पण हाताची गोष्ट साधी नव्हती. गुड्डी तीन महिन्यांची असताना तिची नखं कापताना भावनाकडून करंगळीच्या टोकाचं कातडं कापलं गेलं. रक्त आलं ते एका मुंगीची तहान भागेल एवढं. गुड्डी मात्र अशी रडली की शेजारचे खुशालराव बनियनवर धावत आले. भावनाच्या सासूबाईंनी, म्हणजे मनकर्णाबाईंनी, सुनेच्या हातून नेलकटर काढून घेतलं, कमरेच्या पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "राहू दे व माय. तुह्याच्यानं नाही होत."

तेव्हापासून घरात सत्तांतर झालं. औषधाचे थेंब मोजणं सासूबाईंकडे गेलं. कान पुसणं, तेल लावणं, काजळ घालणं, सगळं गेलं. भावनाकडे दूध पाजण्याचं खातं राहिलं, तेही निव्वळ तांत्रिक कारणामुळे.

"तुह्याच्यानं नाही होत" हे वाक्य एकदा कानात शिरलं की हात त्याचं ऐकू लागतो. भावनाच्या हातून कप निसटला. सुईत दोरा जाईना. कुकरची शिट्टी लावताना खाली पडली. बाळंतपणात हातातलं काही तरी कायमचं सांडून गेलं असावं, असं तिला वाटू लागलं. झोपलेल्या गुड्डीचा श्वास चालू आहे ना, हे पाहायला ती दर थोड्या वेळाने तिच्या नाकाशी बोट धरायची. आता त्या बोटाचाही भरवसा वाटेना. आणि हीच भावना कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या कॅम्पमध्ये पोटावर पडून अशी नेमबाजी करायची, की पाचही गोळ्यांची भोकं एका रुपयाखाली झाकली जायची. शेंदूरजनाघाटला तिच्या वडिलांनी तो भोकं पडलेला कागद फ्रेम करून घेतला होता. पाहुण्यांना वाटे, वाळवी लागलेलं प्रमाणपत्र आहे.

घरातला कम्प्युटर तिच्या नवऱ्याच्या ऑफिसचा होता. नवरा कागदोपत्री देवमन, आईच्या तोंडी पिंटू, नोकरी कृषी खात्यात, हिंडणं भातकुलीकडच्या गावांतून. शेतकरी आत्महत्यांच्या त्या वर्षांत जिल्ह्यात एक पॅकेज यायचं आणि त्याच्या मागून तीन पथकं यायची. पथक आलं की देवमन बांधावर, पथक गेलं की देवमन कम्प्युटरसमोर, तक्ते भरत. ऑफिसात लाइट बारा तास जायची, घरी आठच तास, म्हणून साहेबांनी यंत्र घरी न्यायची तोंडी परवानगी दिली होती. एका मित्राने त्यात बंदुकांचा एक खेळ घालून दिला होता, डोकं हलकं व्हायला. देवमनने तो एकदा उघडला आणि पुन्हा उघडला नाही. संध्याकाळी आल्यावर तो कोणत्या गावाला गेला होता हे सांगत नसे, आणि तिनेही विचारायचं सोडलं होतं.

खेळ उघडला तो भावनाने. लढाईचा भाग नव्हे. त्या वर्षांत त्या भागात कुणाला खोटंखोटं मरताना पाहायचीही हौस उरली नव्हती. खेळात एक सरावाचं मैदान होतं. लांबवर लाकडी फळ्या टांगलेल्या, माणूस नाही, पाखरू नाही. गुड्डीची झोप आणि महावितरणची कृपा एका वेळेला जुळून आली की ती आवाज बंद करून तिथे जायची. हात तपासून घ्यायला याहून बरी जागा कोणती?

साधी बंदूक घेतली की तिच्या गोळ्या फळीवर बरोबर लागायच्या. पण उजवं बटण दाबून बंदुकीवरची दुर्बीण, तिला खेळात स्कोप म्हणतात, डोळ्याला लावली की सगळं बिनसायचं. लांबची फळी एकदम नाकासमोर यायची आणि माऊस केसभर हलवला तरी दुर्बिणीचं वर्तुळ फळी ओलांडून आभाळात जायचं. आभाळातून परत आणावं तर थेट जमिनीत. फळी मधल्या मधे सुखरूप लटकलेली.

आता हे दोघांपैकी एकाचं काम होतं. हात बिघडला असेल, तर सासूबाई म्हणत होत्या ते खरं, आणि गुड्डीच्या नखांचा नाद सोडलेला बरा. माऊस बिघडला असेल, तर भावनाला नेलकटर परत मागायचा नैतिक अधिकार मिळत होता.

सल्ला विचारावा अशी एकच व्यक्ती होती: अकोल्याची शाहीन. कॅम्पमध्ये दोघी शेजारीशेजारी पोटावर पडायच्या. आता शाहीनचा नवरा नियाज सायबर कॅफे चालवत होता आणि दिवसभर तिथे पोरं एकमेकांना गोळ्या घालत होती. अडचण एवढीच, की घरातला फोन होता बैठकीत, आणि फोनखाली मनकर्णाबाई तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या.

"शाहीन, माया नेम चुकून राह्यला व," भावना म्हणाली.

"तुहा नेम? काय बोलतं यार! बटालियनमध्ये फर्स्ट होती तू!"

"होती ना. आता रोज बसतो, मन लावून बसतो, अन् रोज चुकते. साधा असला तं जमते. स्कोप घेतला की हात पळते. कोणाले सांगू, सांग?"

"रुक, याइले विचारतो." पलीकडे शाहीनने हाक मारली, "अजी सुनते क्या? स्कोप में हाथ भागता बोल रही!" मागून नियाजचा आवाज आला, "सेन्सिटिव्हिटी! सेन्सिटिव्हिटी कम करो बोल! और माऊस उलटा करके देखो, नीचे कुछ चिपका तो नहीं!"

"समजलं," भावना म्हणाली, "सोडणार नाही मी. नेम सुधरेपर्यंत सोडणार नाही."

खाली डाळीतला हात थांबला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चमत्कार झाला. मनकर्णाबाईंनी स्वतः चहा करून भावनासमोर ठेवला. आलं घालून.

"एवढं मनात हाये तुह्या, अन् सांगतलं नाही व?" त्या म्हणाल्या.

भावनाने कप खाली ठेवला. "तुम्हाला कळलं आई?"

"फोनवर आयकलं ना म्या. नेम चुकला म्हणून खचू नाही. आमचाबी चुके सुरवातीले. रोज एका टायमाले बसत जाय, दार लावून."

"दार लावून? तुम्हाला चालेल?"

"चालेल म्हणजे? आजकालच्या पोरी कुठं नेम धरतेत! गुड्डीसाठीच चाललं ना हे?"

भावनाने विचार केला. नखांच्या दृष्टीने पाहिलं तर होतं गुड्डीसाठीच. "हो," ती म्हणाली.

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी आधुनिक सासू अवघ्या वऱ्हाडात नसेल, असं भावनाला मनोमन वाटलं. आपण उगाच या बाईंना जुन्या वळणाच्या समजत होतो, अशी लाजही वाटली.

त्या दिवसापासून दुपारी भावना खोलीत गेली की सासूबाई बाहेरून दार ओढून घ्यायच्या आणि दारासमोर चटई टाकून बसायच्या. गुड्डी जागी झाली तर खांद्यावर टाकून अंगणात न्यायच्या. गॅसवाला आला तर त्याला फाटकावरूनच परतवायच्या: "मंग ये बापू, सुनेचा नेम चालू हाये." गॅसवाला पायरीला हात लावून गेला, तेव्हा भावनाला जरासं खटकलं. पण गॅसवाले भाविक असतात.

उलगडा केला वच्छलाकाकूंनी, खुशालरावांच्या बायकोने. त्या भाजी निवडू लागायला आल्या, भावनाकडे एकटक पाहिलं, आणि हळूच विचारलं, "बाई, किती माळा करतं गं?"

"माळा?"

"नेमाच्या. मनकर्णाबाई सांगत होत्या, तू गुड्डीसाठी कडक नेम धरला म्हणून. चुकून राह्यला तरी सोडत नाही म्हणे. आमच्यात चुकला तं दुप्पट करतेत. तुमच्या महानुभावांत कसं असते?"

भावनाच्या हातातली जुडी खाली पडली, आणि या वेळी दोष हाताचा नव्हता.

मराठी भाषा समृद्ध आहे असं आपण म्हणतो, ते असल्या प्रसंगी फार महागात पडतं. बंदुकीचाही नेमच धरायचा आणि देवाचाही नेमच धरायचा. दोन्ही चुकतात, दोन्हीला मन एकाग्र लागतं, दोन्ही दार लावून केलेले बरे. पिढ्यान् पिढ्या कुणाला या शब्दात काही गैर वाटलं नाही. गैर व्हायचं होतं ते भावनाच्या घरात. आणि घर कसलं? जिथे मनकर्णाबाई मुंगीलाही दंडवत घालून वाट देतात, लसूण सोलतानाही कांद्याला लागू नये अशा बेताने सोलतात. तिथे बंद दाराआड सून बंदूक चालवत होती, आणि दाराबाहेर सासू पहारा देत होती!

सांगून टाकावं असं तिने त्याच क्षणी ठरवलं. त्याच क्षणी खुशालरावही आले. ते रिटायर्ड हेडमास्तर. फोनमधली बातमी त्यांच्यापर्यंत निम्मी पोहोचली होती, वच्छलाकाकूंपासून उरलेली निम्मी.

"भावनाताई, तुम्ही कम्प्युटरवर स्कोप शोधून राहिल्या असं समजलं," ते खुर्ची ओढत म्हणाले. "स्पष्ट बोलतो. कम्प्युटरच्या लाइनमध्ये आता स्कोप नाही."

"तसा स्कोप नाही, काका."

"तेच म्हणतो मी, नाही! माझा भाचा पुण्याला गेला. स्कोप होता तोवर गेला. आता परत आला. आता बी.एड.ले स्कोप आहे. बी.एस्सी. मॅथ्स ना तुमचं?"

"पण काका, माझा स्कोप घेतल्यावर हात पळतो."

खुशालरावांनी विचारपूर्वक मान हलवली. "घेतल्यावर सर्वांचाच पळतो. घेण्याआधी विचार कराले पाहिजे."

त्यांचं जाणं होईस्तोवर मनकर्णाबाई आतून आल्या, भावनाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वच्छलाकाकूंना म्हणाल्या, "पोरगी साधी हाये माही. म्या उगाच बोललो तिले नखाच्या वक्ती." नऊ महिन्यांच्या पोटासाठी मिळाली नव्हती ती माया त्या हातात होती. भावनाने सांगणं उद्यावर ढकललं. उद्यावर ढकललेल्या गोष्टींचा स्वभाव सर्वांना माहीत आहे.

आणि खरं सांगायचं तर तिला उत्सुकताही होती. आता माघार घेतली तर हाताचं काय ते कळणारच नव्हतं.

नियाजने सांगितल्याप्रमाणे तिने माऊस उलटा केला, आणि खाली पांढऱ्या ऑइलपेंटने काढलेला नंबर सापडला. हे काम नत्थुजींचं. नत्थुजी देवमनच्या ऑफिसात भांडारपाल. त्यांचं तत्त्व असं, की सरकारी वस्तूवर नंबर नसेल तर ती वस्तू सरकारी नाही, आणि नंबराला जागा नसेल तर तो वस्तूचा दोष. माऊसच्या पाठीवर त्यांना जागा अपुरी वाटली, म्हणून पोटावर लिहिलं. शेवटच्या दोनच्या आकड्याला त्यांनी जी ऐटबाज शेपटी दिली होती ती थेट लाल उजेडाच्या भोकात शिरली होती. वर रंगाचा थर इतका, की माऊस टेबलावर एका कुशीवर चालायचा.

भावनाने ब्लेडने रंग खरवडला. माऊस लोण्यावर फिरल्यासारखा फिरू लागला.

संध्याकाळी देवमनने तक्ते भरायला माऊस उचलला आणि सवयीने उलटा करून पाहिला. "भावना! नंबर कुठं गेला?"

"खरवडला. उजेडाच्या आड येत होता."

देवमन खाली बसला. "अगं, हा आता ऑफिसचा माऊस नाही राह्यला. अन् आपलाबी नाही. उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू?"

"हाच दाखवा. चांगला चालतो आता."

"तेच तर! बिघडला असता तर निकामी म्हणून रजिस्टरातून सोडवता आला असता. चांगला चालणारा माऊस कोणत्या कारणानं सोडवू?"

दुसऱ्या दिवशी नत्थुजी ब्रश आणि डबी घेऊन घरी आले. माऊसकडे त्यांनी मुलगी सासरहून परत आल्यासारखं पाहिलं. पोटावर लिहू देणार नाही म्हणून भावना अडून बसली. वाटाघाटीत त्यांनी पाठीवर, थेट डाव्या बटणावर नंबर घातला. रंग वाळेपर्यंत भावनाच्या तर्जनीला पांढरा डाग राहिला. तो पाहून वच्छलाकाकूंनी कॉलनीत काय सांगितलं, ते तिने विचारलं नाही.

रंग गेल्याने वर्तुळ जरा शांत झालं, पण दुर्बीण लावली की अजूनही फळी ओलांडून जायचंच. म्हणजे माऊसच्या पोटाचा दोष संपला. आता उरला त्याच्या मनाचा. खेळात एक खिडकी होती, तिथे दुर्बिणीसाठी वेगळी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे हात हलवला की वर्तुळाने किती हलावं ते, ठेवता येत होती. चौकटीत लिहिलं होतं: एक. ते किती करायचं? निम्मं? पाऊण? शाहीनला विचारलं तर ती म्हणाली, "नियाज म्हणते, पोरं आपल्या मनानं ठेवतात."

आपल्या मनाने! मन ठिकाणावर असतं तर हा उद्योग कशाला केला असता?

तिने गुड्डीच्या काजळाचा एक ठिपका टेबलावर दिला, माऊस तिथून सरकवत खेळातल्या माणसाला स्वतःभोवती पूर्ण गोल फिरवलं आणि थांबला तिथे दुसरा ठिपका दिला. मग दुर्बीण लावून तेच. कपाटाच्या तळातून लॉगॅरिथमचं पुस्तक काढलं. लग्नात आणलेल्या वस्तूंपैकी अजून न फुटलेली ती एकच होती. हळूहळू तिला खेळ बनवणाऱ्याचं डोकं दिसायला लागलं. साध्या नजरेत समोरचे नव्वद अंश दिसतात, दुर्बिणीतून चाळीस. त्याने सरळ चाळीसला नव्वदने भागून वेग कमी केला होता. पण पडदा सपाट असतो! सपाट पडद्यावर कोनांचा असा भागाकार चालत नाही, तिथे टॅन घ्यावा लागतो, अर्ध्या कोनाचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षानंतर टॅन तिच्या आयुष्यात कधी आला नव्हता. आला तो असा, काजळाच्या ठिपक्यांतून, आणि जुना ओळखीचा माणूस एस.टी. स्टँडवर भेटावा तसं तिला भरून आलं. टॅन वीस, भागिले टॅन पंचेचाळीस, भागिले चाळीस नव्वदांश. उत्तर आलं शून्य पूर्णांक ब्याऐंशी, आणि थोडी चिल्लर.

तिने चौकटीत ब्याऐंशी भरले. दुर्बीण लावली. हात हलवला तेवढंच वर्तुळ हललं, ना अधिक ना उणं. श्वास अर्धा सोडला, आणि बटण दाबलं. पाच वेळा.

पाच भोकं. तिने कपाळावरची टिकली काढून पडद्यावर लावली. पाचही झाकली गेली.

हात शाबूत होता! भावना खुर्चीतून उठली, खोलीत एक गिरकी घेतली, आणि दाराच्या कडीला हात घालून थबकली. सांगणार कुणाला? हात निर्दोष असल्याचा पुरावा दाराच्या या बाजूला होता, आणि हे दार बंद होतं ते देवाच्या नावावर.

तेवढ्यात बाहेरून मनकर्णाबाईंचा आवाज आला. फोनवर रिद्धपूरच्या महंतबाबांशी बोलत होत्या. "दंडवत बाबा, दंडवत. हाव, येत्या आयतवारी आणतो तिले रिद्धपूरले. नेम देवापुढं सांगून सोडवून घेऊ. तिच्याच तोंडानं सांगन ना ती, कोणता नेम, कसा केला."

भावनाच्या पायातली गिरकी उतरली. घरात अर्धवट बोलून वेळ मारता येते, कॉलनीत तर पूर्ण खोटंही खपतं. पण रिद्धपूरला, देवासमोर, गुड्डीला मांडीवर घेऊन? न चाचरता खोटं बोलणं तिला आजवर एकदाही जमलं नव्हतं.

तिने दार उघडलं. "आई, आत या."

"नेमाच्या जागी?"

"नेमच दाखवायचाय."

मनकर्णाबाईंनी गुड्डीला पलंगावर निजवलं, चष्मा लावला आणि पडद्याजवळ आल्या. आधी त्यांना टिकली दिसली. मग बंदूक दिसली. पंखा एकदा कुरकुरला.

"हे काय व?"

"नेम. फोनवर ऐकला तो हाच. मी... मी देवाचा म्हणाले नव्हते आई, पण नाही म्हणाले नाही, ते चुकलं."

"म्या बाबाले फोन केला," मनकर्णाबाई सावकाश म्हणाल्या. "वच्छलेले सांगतलं. गॅसवाल्याले पायरीवरून परत धाडलं. चटई टाकून दारात बसलो मी, अन् तू आतमंधी बंदूक चालवून रायली?"

"फळीवर चालवते. त्यात माणसं नाहीत."

"पाखरू?"

"नाही."

"मुंगी तरी?"

"एकही नाही."

मनकर्णाबाईंनी चष्मा वर करून, खाली करून मैदान नीट तपासलं. खरोखरच काही जिवंत दिसेना. "मंग कायच्यासाठी चालवतं?"

भावनाला बोलायचं होतं सविस्तर, टॅनसकट. निघालं एवढंच: "तुम्ही म्हणालात, तुह्याच्यानं नाही होत. मला पाहायचं होतं, खरंच होत नाही का. नेलकटर तुमच्या पिशवीत आहे तेव्हापासून मला माझ्याच लेकराला हात लावायची भीती वाटते."

मनकर्णाबाईंचा हात कमरेच्या पिशवीवर गेला आणि तिथेच राहिला. मग म्हणाल्या, "मार बरं एक. पाहू दे."

भावनाने नवी फळी घेतली. एक, दोन, तीन. भोकाला भोक लागून.

"अन् पयले काहून चुके?"

"हात तोच होता. दुर्बिणीतून सगळंच मोठं दिसतं ना, तशी हाताची हालचालही मोठी होते. जराशी चूक डोंगराएवढी. माऊसचं मोजमाप बदलावं लागलं."

"सरक," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"अं?"

"सरक म्हणतो ना. फळीले मारलं तं पाप नाही लागत."

त्या खुर्चीवर बसल्या, पदर खोचला, माऊसवर हात ठेवला. भावनाने दुर्बीण लावून दिली. आणि वर्तुळ फळीवर थांबेना. ते पळत नव्हतं; थरथरत होतं, उकळत्या दुधावरच्या सायीसारखं, सारखं आणि बारीक. भावनाने पडद्यावरून नजर काढून माऊसकडे पाहिलं. नत्थुजींच्या पांढऱ्या नंबरावर सासूबाईंचं बोट तसंच थरथरत होतं.

मनकर्णाबाईंनीही पाहिलं. हात झटकन मांडीवर घेतला.

"केव्हापासून आई?"

"होळीपासून असन." त्या गुड्डीकडे पाहून बोलत होत्या. "नखं कापतो म्हटलं की हातच कापते. कटर पिशवीतच राह्यते माय. दातानं कुरतडतो मी तिची नखं, निजली की."

"मला सांगायचं ना!"

"सांगतलं असतं तं तू कटर मागतलं असतं."

"मग दिलं नसतं तुम्ही?"

"देल्लं असतं. देल्लं नसतं कसं?" मनकर्णाबाईंनी पदराने चष्मा पुसला. "पण मंग मी घरात काय केलं असतं, सांग. स्वयंपाक तू करतं, बाहेरचं पिंटू पाहते. माह्या हातात हे एक नखं तं होते."

बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. भावनाने माऊस घेतला, ती खिडकी उघडली, आणि ब्याऐंशीच्या जागी खाली, खूप खाली आणलं. शून्य पूर्णांक पंधरा.

"आता धरा."

मनकर्णाबाईंनी भीत भीत हात ठेवला. वर्तुळ फळीवर येऊन बसलं आणि बसूनच राहिलं. त्यांनी हाताकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं.

"हात तं कापूनच राह्यला."

"हो."

"मंग हे काहून हालत नाही?"

"माऊसला सांगितलंय," भावना म्हणाली, "बारीकसारीक मनावर घेऊ नको म्हणून."

मनकर्णाबाईंनी बटण दाबलं. फळी ठकाठक हलली. त्यांनी आपण होऊन दुसरी गोळी मारली, मग तिसरी, आणि चौथीच्या वेळी जिभेचं टोक दातांत धरलं. मग पाठ न वळवता कमरेची पिशवी सोडली, नेलकटर काढलं आणि मागे धरलं.

"घे. निजली हाये तोवर."

भावनाने पलंगाच्या कडेला बसून गुड्डीची करंगळी दोन बोटांत धरली. हात हलला नाही असं नाही. थोडा हलला. तिने ते मनावर घेतलं नाही. तांदळाच्या कणीएवढं नख टिचकन उडालं आणि गुड्डीने झोपेत ओठ चोखले. मग अनामिका. मग मधलं.

"आई," ती चौथ्या बोटावर असताना म्हणाली, "रविवारी रिद्धपूरला आता काय सांगायचं?"

"जे हाये ते सांगू," मनकर्णाबाई फळीवरून नजर न काढता म्हणाल्या. "सून नेम धरते, सासूचा हात कापते. देवाले मराठी समजते व माय, त्याले कोणता अर्थ घ्यायचा तो घेईन."